वारा पाठीशी असताना इंजिन कशाला?

परवा आमच्या बोटीची 'जनरल बॉडी मीटिंग' झाली. जनरल बॉडी म्हणजे तीन माणसं. एक डॉक्टर, एक सीए आणि एक मी. तिघांत मिळून एक जुनी २६ फुटी शिडाची बोट आहे. माझा तिसरा हिस्सा मी कसा उभा केला आणि त्यापायी घरात काय काय ऐकून घेतलं, ते पुन्हा उगाळत नाही. मीटिंगपुढे विषय एकच होता. पुढच्या केबिनमध्ये निळ्या पिशवीत धूळ खात पडलेलं हलकं शीड, म्हणजे आमचा जेनेकर, विकून टाकायचा आणि ते पैसे इंजिनाच्या दुरुस्तीत घालायचे. ठराव सीएने मांडला, डॉक्टरांनी अनुमोदन दिलं. मी विरोधात. दोन विरुद्ध एक, ठराव मंजूर. मी कसंबसं एवढंच पदरात पाडून घेतलं की गिऱ्हाईक शोधायला आठ दिवस थांबायचं. "तुला काय म्हणायचंय ते नीट लिहून काढ. तोंडी तू फार आरडाओरडा करतोस," असं सीए म्हणाला. त्याचं हे म्हणणं मात्र खरं आहे. म्हणून हे लिहितोय.

ज्यांचा समुद्राशी संबंध गेटवेवरून एलिफंटाला जाणाऱ्या लाँचपुरताच आहे, त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं सांगतो. बाकीच्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.

शिडाच्या बोटीला वारा पाठीमागून असला म्हणजे मजाच मजा, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. प्रत्यक्षात हलका वारा आणि तोही पाठीमागून, यासारखं कंटाळवाणं काही नाही. स्कूटरवरून जाताना वारा मागून असेल तर कसं होतं? झाडं हलताना दिसतात, पण आपल्याला झुळूकही लागत नाही, उलट घाम फुटतो. बोटीचं तेच होतं. ८ नॉट्सचा वारा आहे आणि बोट त्याच दिशेने साडेतीन नॉट्सने चाललीय. शिडाला जाणवणारा वारा उरला साडेचार नॉट्स. तीच बोट त्याच वाऱ्यात तिरकी वर चढवली तर शिडाला ११ नॉट्स जाणवतो. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे समुद्र तोच, दिवस तोच, पण पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यात शिडावर पडणारा जोर जवळजवळ सहापट कमी.

अशा वेळी नेहमीचं पुढचं शीड, जेनोआ, दोरीवर वाळत टाकलेल्या ओल्या पंचासारखं लोंबकळतं. ते डेक्रॉनचं असतं. चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या वर वजन. आमचं २१ चौरस मीटरचं आहे. साडेचार नॉट्सच्या वाऱ्याला स्वतःचं कापड उचलतानाच धाप लागते, बोट कुठून ओढणार? त्यावरचं उत्तर म्हणजे पातळ नायलॉनचं, पोटाला मोठं, फुग्यासारखं शीड. आमच्या जेनेकरचं क्षेत्रफळ ३८ चौरस मीटर, म्हणजे जेनोआच्या पावणेदोनपट. आणि कापड पाऊण औंसाचं, चौरस मीटरला जेमतेम ४० ग्रॅम. सगळं शीड घडी करून एका हातात उचलता येतं. हा जेनेकर म्हणजे रेसवाल्यांच्या स्पिनेकरचा साधा भाऊ. स्पिनेकर दोन्ही बाजूंनी सारखा असतो, त्याला डोलकाठीपासून बाहेर काढलेला एक दांडा लागतो, त्या दांड्याला वरून-खालून दोऱ्या लागतात आणि त्या सांभाळायला चार माणसं लागतात. जेनेकरला दांडा नाही. त्याचा एक कोपरा बोटीच्या नाकावर बांधलेला, एक डोलकाठीच्या टोकाला आणि तिसरा तुमच्या हातातल्या दोरीला. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या १८ फुटी स्किफवाल्यांनी हा प्रकार पुढे आणला. १९९१ साली आलेल्या जे-१०५ सारख्या बोटींनी तो साध्या माणसांच्या हातात दिला. म्हणजे कालपरवाचं फॅड नव्हे.

झालं मागचं. आता भांडण.

किनाऱ्यावर, बारमध्ये, जेट्टीवर एक वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळतं. "लहान क्रूझिंग बोटीवर असली शिडं लावायची नसतात. घातक असतात. वारा पडला की सरळ इंजिन चालू करायचं." हे सांगणारी माणसं वयाने मोठी असतात, अनुभवी असतात, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण हे वाक्य चूक आहे. नुसतं चूक नाही, आळशी आहे. आणि आमच्या ठरावाच्या मुळाशी हेच वाक्य आहे. सीएने जे खर्चाचे आकडे मांडले ती नुसती वरची रंगरंगोटी.

अर्थात ठरावाच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. ती टाळून पुढे गेलो तर लबाडी होईल. डॉक्टरांचा हात.

फेब्रुवारी २०२४. शनिवार. आम्ही तिघं मुंबईहून मुरुडला निघालो होतो. साधारण चाळीस सागरी मैल. जेनेकर नुकताच सेकंड-हँड घेतलेला, पहिल्यांदाच समुद्रावर नेत होतो. खांदेरी मागे टाकली, दुपार झाली, खारे वारे सुरू झाले. (शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते, आठवतंय का? भूगोलाच्या पुस्तकातली ही एकच गोष्ट मला रोजच्या आयुष्यात उपयोगी पडलेली आहे.) वायव्येचा १०-११ नॉट्स वारा. शीड चढवलं, ते फुललं, आणि पुढची वीस मिनिटं आम्ही तिघंही खुळ्यासारखे हसत होतो. इंजिन बंद, आवाज फक्त पाण्याचा, वेग सव्वापाच नॉट्स.

मग वाटेतली जाळी टाळून आम्ही रेवदंड्याच्या दिशेने आत वळलो आणि वारा बरोब्बर पाठीमागे आला. मोठं शीड बाहेर टाकलेलं, त्याच्या आडोशात जेनेकर सापडला. हवा गेली, शीड पडलं. मागून लाट आली, बोट डावी-उजवी डुलली, आणि पडलेल्या शिडाने फोरस्टेभोवती, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेभोवती, एक गिरकी घेतली. मग दुसरी. मधोमध पीळ, वर एक फुगा, खाली एक फुगा. शंकराचा डमरूच. डॉक्टर पुढे गेले. हे शीड मोज्यासारख्या एका लांब नळीत असतं, तिला सॉकच म्हणतात. दोरी ओढली की सॉक वरून खाली येतो आणि शीड त्याच्या पोटात जातं. डॉक्टरांनी ओढायला जोर यावा म्हणून ती दोरी तळव्याला एक वेढा देऊन धरली. सॉक थोडा खाली आला आणि पिळापाशी अडकला. मी मागे कॉकपिटमध्ये. माझं काम एकच होतं, शीट सोडून द्यायची. शीट म्हणजे शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याची दोरी. ती सुटली की शीड नुसतं झेंड्यासारखं फडफडतं, त्यात जोर राहत नाही. मी सोडली. ती सळसळत गेली आणि टोकाला पुलीत जाऊन अडकली. कारण तिच्या टोकाला आठाची गाठ होती. ती गाठ मीच मारली होती, सकाळी, मोठ्या अभिमानाने, दोरी निसटून पाण्यात पडू नये म्हणून.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, वरचा फुगा भरला, सॉक वर उसळला आणि दोरी डॉक्टरांच्या तळव्यातून सर्रकन गेली.

आमचे डॉक्टर सर्जन आहेत. पुढचे अडीच आठवडे त्यांनी एकही ऑपरेशन केलं नाही. त्या दिवशी रेवदंड्याच्या खाडीत इंजिनवर शिरलो, नांगर टाकला, अलिबागला जाऊन पट्टी केली. ते स्वतः एक शब्द बोलले नाहीत. वहिनी बोलल्या. त्यांनी बोलायलाच हवं होतं.

तेव्हापासून शीड पिशवीत आहे. आणि निष्कर्ष काय निघाला? तर "असली शिडं घातक असतात."

मी रोज ज्या धंद्यात आहे तिथे हा निष्कर्ष शंभर वेळा पाहिलाय. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज केलं, सर्व्हर झोपला, रात्रभर सगळे जागे. सोमवारी मीटिंग, आणि ठरतं काय? ते फीचरच काढून टाका. कॉन्फिगमध्ये कुणी काय लिहून ठेवलं होतं, टाइमआउट किती होता, रोलबॅक का झाला नाही, हे बघायला कुणाला वेळ नाही. फीचर काढून टाकणं सोपं. कुणाची चूक झाली हेही मग विचारावं लागत नाही. इथे चूक कुणाची होती? बहुतेक माझी. म्हणून मीच विचारणार.

पहिली चूक अशी, की शीड ज्या दोराने वर चढवतात तो हॅल्यार्ड आम्ही चुकीचा वापरला. बोटीवर आधीपासून जेनोआचा एक जादा हॅल्यार्ड होता. तो फोरस्टेच्या मागून, खालून निघतो. जेनेकर उडतो फोरस्टेच्या पुढे. म्हणजे आमचा हॅल्यार्ड तारेला घासत, वळसा घालून पुढे जात होता. शिडाचं डोकं तारेला चिकटलेलं. अशा शिडाला तारेभोवती गुंडाळायला निमंत्रण द्यावं लागत नाही. हवं काय होतं? डोलकाठीच्या अगदी टोकावर, फोरस्टेच्या वर आणि पुढे, सगळ्या बाजूंना फिरणारी एक पुली. बस. दोन तासांचं काम. वर चढून करावं लागतं म्हणून कुणी करत नाही.

दुसरी चूक म्हणजे वारा सरळ पाठीवर घेतला. जेनेकर त्यासाठी नाहीच. तो १४०-१४५ अंशांवर खुलतो, म्हणजे वारा पाठीच्या एका कोपऱ्यावरून यायला हवा. सरळ मागून आला की मोठ्या शिडाच्या सावलीत तो गुदमरतो. सरळ रेषा म्हणजे जवळचा रस्ता, हे रस्त्यावर खरं. इथे जरा तिरकं जाऊन मग वळणं हे बहुतेक वेळा लवकर पोचवतं, आणि निवांतपणे पोचवतं.

तिसरी चूक ती गाठ. जेनोआच्या शीटला टोकाला गाठ मारतात, ठीक. या शिडाच्या शीटला कधीच नाही. सगळं हाताबाहेर गेलं तर दोरी पुलीतून पूर्ण निघून गेली पाहिजे, समुद्रात गेली तरी चालेल. दोरी पुन्हा मिळते.

आणि चौथी, तळव्याला घेतलेला वेढा. ती डॉक्टरांची म्हणायची, पण त्यांना कुणी सांगितलं होतं? मी सांगायला हवं होतं. हातमोजे बोटीवर होते, ते माझ्या पिशवीत होते.

यातली एक तरी चूक शिडाची आहे का? नायलॉन बिचारं काय करणार?

आता "मग बरोबर कसं लावायचं ते सांग" असं कुणी म्हणेल. सांगतो. त्यात काही गूढ नाही आणि कॅटलॉगमधला कार्बनचा बोस्प्रिट तर नाहीच नाही. (इथे दुसऱ्या एका जमातीशी माझं भांडण आहे. त्यांना शीड लावायचं म्हटलं की आधी पुढे दांडा पाहिजे, त्यावर गुंडाळायचं यंत्र पाहिजे, टॉर्शन केबल पाहिजे. हप्ते फिटेपर्यंत पावसाळा येतो आणि बोट वर ओढून ठेवायची वेळ होते. पाच वापरकर्त्यांच्या ॲप्लिकेशनसाठी मायक्रोसर्व्हिसेस लिहिणारी हीच ती मंडळी.)

नाकावर, फोरस्टेच्या पुढे, एक पुली. तिच्यातून शिडाच्या खालच्या कोपऱ्याची दोरी, टॅक लाइन, जायची आणि बोटीच्या कडेने मागे कॉकपिटपर्यंत यायची. ती नाकावरच बांधून टाकायची नाही. कारण वारा जास्त मागे गेला की ती हातभर सैल सोडावी लागते, म्हणजे शीड वर उचललं जाऊन मोठ्या शिडाच्या सावलीतून बाहेर सरकतं. वारा बाजूला आला की पुन्हा घट्ट. हे कॉकपिटमध्ये बसून करता आलं पाहिजे, त्यासाठी दर वेळी नाकावर पळायचं असेल तर ते कुणी करणार नाही.

शीट ८ मिलिमीटरची पुरे. जाड दोर लावला तर हलक्या वाऱ्यात त्या दोराच्या वजनानेच शिडाचा कोपरा खाली बसतो. आणि ती शिडाला बोलाइन गाठीनेच बांधायची, लोखंडी शॅकलने नाही. शीड फडफडायला लागलं की तो शॅकल हातोड्यासारखा फिरतो आणि आपलं डोकं त्याच्या उंचीवर असतं. शीट जाते सगळ्याच्या बाहेरून. तारांच्या बाहेरून, कठड्याच्या बाहेरून, थेट मागच्या कोपऱ्यावरच्या पुलीत आणि तिथून विंचवर. चढवायच्या आधी नाकापासून शेपटीपर्यंत दोन्ही हातांनी चाचपत चालायचं आणि दोरी कुठे कठड्याच्या आतून तर गेली नाही ना ते बघायचं. दहापैकी नऊ फजित्या याच एका ठिकाणी होतात, आणि त्या बघायला जेट्टीवर नेहमी कुणीतरी ओळखीचं उभं असतं.

चढवायचं ते सॉकमध्ये असतानाच, मोठ्या शिडाच्या आडोशाला. लांबलचक सॉसेजसारखं ते वर लटकतं, जोर शून्य. हॅल्यार्ड पूर्ण वर गेला, टॅक लाइन बसली, शीट हातात आली, मगच सॉक वर ओढायचा. खालून शीड उमलत जातं. मग शीट ढिली करत जायची, शिडाची पुढची कड आत दुमडू लागली की थांबायचं आणि जराशी परत ओढायची. बस, हेच ट्रिमिंग. कड दुमडत नसेल तर तुम्ही शीट जास्त ओढून बसला आहात.

उतरवायचं कसं, यावर मात्र मी हट्टी आहे. कारण चढवायची हौस सगळ्यांना असते, उतरवायची तालीम कुणी करत नाही. बोट वाऱ्यापासून आणखी खाली वळवायची, म्हणजे जेनेकर मुद्दाम मोठ्या शिडाच्या सावलीत न्यायचा. शीट सोडायची. थोडी नाही, पूर्ण. शीड पडलेलं डोळ्यांनी दिसलं की मगच सॉक ओढायचा. मोजे घातलेल्या दोन्ही हातांनी, आळीपाळीने, दोरी फक्त मुठीत. वेढा कुठेही नाही. ओढताना खेचाखेची करावी लागली तर समजायचं की शीट पुरेशी सोडलेली नाही. आधी ओरडून मागे सांगायचं, मग ओढायचं. आणि डमरू झालाच तर? मोठं शीड दुसऱ्या बाजूला घ्यायचं, जाइब करायचा. त्याच्या मागून निघणारी हवा उलट दिशेने फिरते आणि बऱ्याचदा पीळ आपोआप सुटायला लागतो. त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला हवं होतं, शीड घ्यायच्या आधी.

किती वाऱ्यापर्यंत? इथे विरोधकांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पाठीमागचा वारा फसवतो. १४ नॉट्सचा वारा झाला, बोट साडेपाचने पळतेय, शिडाला जाणवतात फक्त साडेआठ. सगळे शर्ट काढून बसलेत. आणि काही कारणाने बोट वाऱ्याकडे आडवी वळली की तोच वारा एका क्षणात १५ होतो, जोर तिप्पट होतो, बोट कलंडते, सुकाणू पाण्याबाहेर येतं आणि ऐकेनासं होतं. याला ब्रोच म्हणतात आणि ते गमतीचं नसतं. म्हणून आमच्यासारख्या बोटीला नियम साधा हवा. समुद्रावर पांढरे फेस अधूनमधून दिसत होते ते जागोजागी दिसायला लागले की शीड खाली. चर्चा नाही. "अजून पाच मिनिटं" नाही. सूर्यास्तानंतर तर नाहीच, कारण या शिडामुळे पुढचं आणि खालच्या बाजूचं धड दिसत नाही, आणि कोकणच्या समुद्रात जाळ्यांना दिवे असतीलच असं नाही. दिवसासुद्धा एक माणूस नाकाजवळ नजर ठेवून हवा. हे सगळं मान्य. पण ही शीड वापरायची पथ्यं आहेत, शीड न वापरायची कारणं नाहीत.

बरं, पर्याय म्हणून जे इंजिन सांगतात त्याचं काय? "इंजिन म्हणजे सेफ." असं? जाळ्यांनी भरलेल्या समुद्रात फिरता पंखा घेऊन जाणं सेफ कसं? शिडावर जाताना जाळ्याची दोरी बोटीखाली आलीच तर निदान पंखा ती गोळा करत नाही. इंजिनवर असताना तीच दोरी पंखा सुतगिरणीसारखी गुंडाळून घेतो, शाफ्ट जाम होतो, आणि मग तोंडात सुरी धरून कुणीतरी पाण्यात उतरायचं. शिवाय त्या कोळ्याचं जाळं गेलं ते वेगळंच. ते कुणाच्याच हिशोबात नसतं. आणि डिझेल? तासाला दीड लिटर धरा, मुरुडपर्यंत आठ तास, म्हणजे १२ लिटर, आणि आठ तास कानाशी तो खडखडाट. मग शिडाची बोट घेतलीच कशाला?

मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? हे शीड आपल्याच किनाऱ्यासाठी बेतल्यासारखं आहे आणि आपल्याकडेच कुणी ते लावत नाही. नकाशा काढून बघा. मुंबई ते रत्नागिरी किनारा सरळ दक्षिणेला नाही, किंचित पूर्वेकडे कलत जातो. दक्षिणेला निघालेल्या बोटीची दिशा साधारण १६५ ते १७० अंश. ऑक्टोबर ते मे, दुपारचा वारा वायव्येचा, म्हणजे ३१५ अंशांच्या आसपास. वजाबाकी करा. १४५-१५०. जेनेकरला हवा असलेला नेमका कोन! वारा उजव्या खांद्यामागून, शीड डावीकडे, जमिनीच्या बाजूला, आणि दुपारी बारापासून तिन्हीसांजेपर्यंत एकदाही बाजू बदलायला नको. रेवदंडा, कोर्लई, मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, एकेक किल्ला डावीकडून सरकत जातो. इंग्लंड-अमेरिकेतले लोक असा कोन मिळावा म्हणून वेडेवाकडे फिरतात. आम्हाला तो रोज दुपारी फुकट मिळतो आणि आम्ही तेव्हा किल्ली फिरवतो.

एकाच बाजूला राहायचं असल्यामुळे मी तर दुसरी शीटही बांधत नाही. बाजू बदलायची वेळ आलीच तर सॉक खाली, मोठं शीड पलीकडे, शीट पलीकडे, सॉक वर. पाच मिनिटं जातात. जाऊ देत, आपण काय ट्रॉफी न्यायला चाललोय?

"माणसं लागतात" हा शेवटचा आक्षेप. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ५६ फुटी बोट, गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली, आणि वर माणूस एक. आमच्या २६ फुटी बोटीवर तिघं असतो, त्यातला एक तर पोहे करण्यापलीकडे फारसा हलत नाही. (सीए, हे तुझ्याबद्दलच आहे.) बोटीवर माणसं कमी पडत नाहीत, दोऱ्यांची मांडणी कमी पडते.

आमच्या बोटीवर लक्ष ठेवणारे एक तांडेलकाका आहेत. सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या लहानपणी वडिलांच्या मचव्याला शीड होतं, इंजिन नंतर आलं. परवाच्या मीटिंगनंतर मी डिंगीत तोंड पाडून बसलो होतो तर त्यांनी विचारलं काय झालं. सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "वारा पाठीशी हाय तर इंजिन कशाला?" मग जरा थांबून, "पन दोरी हाताला गुंडालायची नाय. कंदीच नाय." त्यांनी स्वतःचा उजवा हात दाखवला. त्याची करंगळी अर्धी आहे. मी चार वर्षं त्यांना ओळखतो, आणि माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

तर सीए, डॉक्टर, माझा प्रस्ताव असा. मी टोकावरची फिरती पुली आणून ठेवलीय, पैसे माझे. शनिवारी सकाळी बोसन्स चेअरमध्ये बसून वर जातो, तुम्ही दोघं विंचवर मला ओढा. (हळू.) पुली बसली की जुना हॅल्यार्ड काढून नवा घालतो. मग मूरिंगवरच, वारा पडलेला असताना, शीड दहा वेळा चढवायचं आणि दहा वेळा उतरवायचं. शीटच्या टोकाला गाठ नाही, डॉक्टरांनी स्वतः तपासून बघावं. रविवारी दुपारी वारा आठ-दहा असेल तर बाहेर पडू. खांदेरीपर्यंत जाऊ, फार नाही. सॉकची दोरी मी धरणार. डॉक्टरांनी सुकाणू धरावं आणि मी "सोड" म्हटलं की शीट सोडावी, सीएने नाकाजवळ बसून जाळी बघावीत. संध्याकाळी परत आल्यावर पुन्हा मतदान. तेव्हाही दोन विरुद्ध एक झालं तर मी स्वतः गिऱ्हाईक शोधून देतो.

वहिनींशी मी बोललोय. त्यांनी "हो" म्हटलेलं नाही, "बघू" म्हटलंय. हातमोजे मी आणले आहेत, तिघांच्या मापाचे, आणि ते या खेपेला कॉकपिटमध्ये खुंटीला टांगलेले असतील.